धुक्यातल्या सवतीचे ओठ

गेली चाळीसएक वर्षं गोपाळकृष्ण रिसबूड पुण्यात कुठेही भाषणाला उभे राहिले की माझी गोष्ट सांगतात. "आमच्या नायिकेला सेटवर खरोखरच झपाटलं हो," असं म्हणून ते थांबतात, पाण्याचा घोट घेतात आणि पहिल्या रांगेतल्या बायका "अगंबाई" म्हणेपर्यंत पुढे बोलत नाहीत. मागच्या रांगेत बसून हे मी स्वतः ऐकलेलं आहे. ती झपाटलेली बाई शुक्रवार पेठेत राहते, मंडईतून घासाघीस करून भाजी आणते, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आहे, हे त्या अगंबाईंना कोण सांगणार?

मी उल्का नगरकर. स्वभावाने गोड नाही. वर्गातल्या मुली मला भूतबाई म्हणायच्या, आणि त्यांना वाटायचं मला ते माहीत नाही.

'धुक्यातली सवत' हा गोपाळरावांचा सिनेमा. तुम्ही पाहिला नसेल तर काही बिघडलं नाही. एका बॅरिस्टरचा दगडी बंगला, त्याची कोवळी दुसरी बायको, भिंतीवर पहिल्या बायकोचं तैलचित्र, आपोआप वाजणारा पियानो, मेणबत्त्या, विजा आणि दोऱ्याला बांधलेलं एक वटवाघूळ. पहिलीला बॅरिस्टरने तळघरात कोंडून मारलेलं असतं. शेवटी तळघराच्या दाराला असलेल्या काचेतून ती दिसते, धुक्यात, आणि हसते. हसतच राहते. ते हसणं ऐकून बॅरिस्टर जिन्यावरून गडगडत खाली येतो आणि मरतो. ती पहिली बायको मी.

त्या काळी लोक फार घाबरले. बायका कनवटीला अंगाऱ्याची पुडी लावून सिनेमाला जायच्या. माझ्या मावशीने पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळे गच्च मिटून तो पाहिला आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "फार छान काम केलंस हो." सगळ्यांना लक्षात राहिलं ते शेवटचं हसू. आजही साठीचा कुणी गृहस्थ भेटला तर सांगतो, ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

ते हसू माझं नव्हतं. ते नंतर डबिंगमध्ये एका दुसऱ्या नटीने माझ्या तोंडावर घातलं. मी त्या काचेमागे हसत नव्हते.

शूटिंग खडकीला होतं, एका जुन्या बंगल्यात. धुक्याचं यंत्र मुंबईहून आणलं होतं, ते बंद पडलं. मग गोपाळरावांनी घमेल्यांत निखारे घातले, वर ऊद आणि ओला भुसा टाकला आणि ती घमेली माझ्याबरोबर त्या खोलीत ठेवली. खिडकी नाही, एक दार, दाराला एक काच. दार सारखं उघडत होतं म्हणून बाहेरून कडी घातली. "दोनच मिनिटं, उल्का," असं ते म्हणाले होते. थोड्याच वेळात मला श्वास घेता येईना. मी काचेवर बुक्क्या मारल्या, ओरडले, "अहो गोपाळराव, दार उघडा. दम कोंडतोय माझा. पाया पडते, दार उघडा." ते कॅमेऱ्याच्या शेजारी उभे होते. त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि कॅमेरामनला हाताने खूण केली, अजून जवळ ये म्हणून. पुढचं मला आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी ओसरीवर पडले होते आणि कुणीतरी बाई ओल्या पदराने माझं तोंड पुसत होती.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि गाणं शिकत होते. गाणं म्हणजे हौस नव्हे, मला दुसरं काही करायचंच नव्हतं. सिनेमात एक गाणं मिळेल या आशेवर मी भूत व्हायला तयार झाले होते. डॉक्टर म्हणाले, धुराने घसा आणि फुप्फुसं दोन्ही भाजली आहेत. बुवांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग मलाच समजावून घरी पाठवलं. तेव्हापासून माझा आवाज हा असा आहे, कढईचा तळ खरवडल्यासारखा.

इथपर्यंत मी एक वेळ गिळलं असतं. पण सिनेमा कुणी विकत घ्यायला तयार नव्हतं आणि सेटवर मुलगी बेशुद्ध पडल्याची कुजबुज सुरू झाली होती. गोपाळरावांनी एका दगडात दोन पक्षी मारले. पेपरात छापून आणलं की नायिकेला त्या बंगल्यातल्या बाईने धरलं, ती दोन पुरुषांना आवरेना. फोटो माझाच, काचेमागचा, डोळे पांढरे झालेला. सिनेमा धो धो चालला.

मी सगळ्यांना खरं सांगत सुटले. पण झपाटलेल्या बाईचं कोण ऐकतं? जितकी मी चिडायची, ओरडून सांगायची, तितकी लोकांची खात्री पटायची. त्यात आवाज हा असा. एकदा मी आईला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, निखारे, कडी, काच, हाताची खूण. आईने ऐकून घेतलं. मग ती उठली, माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तू जी कोण असशील ती, माझ्या पोरीला सोड. तुला खणानारळाची ओटी भरते."

मी तिच्याशी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. ती मला ह्या देवळात, त्या दर्ग्यात नेत राहिली, मी जात राहिले. मला सांगून आलेली स्थळं परत गेली त्याचं मला काही वाटलं नाही. आई गेली ती मात्र माझ्या उशाशी अंगाऱ्याची पुडी ठेवून गेली. आपल्या मुलीच्या तोंडून कोण बोलतंय याची तिला शेवटपर्यंत खात्री नव्हती. याचा सूड घ्यायचा हे मी तेव्हाच ठरवलं होतं, फक्त कसा ते कळत नव्हतं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर सौमित्रचा फोन आला. हा एका फिल्म क्लबचा सेक्रेटरी. खादीचा झब्बा, गळ्यात चष्मा, आणि प्रत्येक वाक्यात 'अभिजात'. 'धुक्यातली सवत'ची एक प्रिंट सापडली होती, ती त्यांनी साफसूफ करून घेतली होती, गोपाळरावांच्या सत्काराच्या निमित्ताने ती दाखवायची होती. फक्त शेवटच्या रिळाचा आवाज ओलीने खराब झाला होता. हसणारी नटी वारली होती.

"उल्काताई, तुम्हीच हसलात तर? खरं भूत, खऱ्या आवाजात! गोपाळरावांचीच कल्पना आहे."

"येते की," मी म्हटलं.

तो बावचळला. "मला वाटलं होतं तुम्ही चिडाल."

"छे. मी कशाला चिडू?"

तेव्हा माझ्या डोक्यात काही योजना नव्हती. मला फक्त तो तुकडा एकदा हसण्याशिवाय बघायचा होता. माझा तो चेहरा मी कधी नुसता पाहिलाच नव्हता.

स्टुडिओ कोथरूडला होता, एका इमारतीच्या तळमजल्यावर. रेकॉर्डिस्टचं नाव प्रज्ञेश, चाळिशी उलटलेला, कमी बोलणारा, सतत चहा पिणारा माणूस. गोपाळराव आले. रेशमी कुर्ता, चांदीच्या मुठीची काठी, कानात यंत्र. ऐंशी ओलांडली तरी ताठा कायम होता. माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, आशीर्वाद दिल्यासारखा, आणि म्हणाले, "पोटातून हसायचं, उल्का. मागच्या वेळी लोकांना ताप भरला होता. आता निदान घाम तरी फुटू दे." मग त्यांची मुलाखत घ्यायला कुणी आलं होतं म्हणून ते गेले.

प्रज्ञेशने तुकडा लावला. डबिंगमध्ये तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवतात, ओठ आणि आवाज जुळेपर्यंत. काचेमागून मी वर आले, धूर, माझे हात, माझं तोंड. आवाज अजिबात नाही. मी हसून पाहिलं. दम लागला. पुन्हा हसले.

"बसत नाहीये, मॅडम," तो माझ्या हेडफोनमधून म्हणाला.

"म्हातारी झाले आता."

"तसं नाही. हसताना ओठ उघडे राहतात, मागे खेचले जातात. इथे मिटतायत. हे बघा, इथे मिटले. इथे पुन्हा. प, ब, म असलं काही असल्याशिवाय ओठ असे मिटत नाहीत." त्याने तुकडा थांबवला. "तुम्ही काय बोलत होतात?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं. सांगताना रडले वगैरे नाही, गणित सोडवून दाखवावं तसं सांगितलं. काचेपलीकडे त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग बाहेर आला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसला.

"आम्ही खडकीचे. वडील ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, त्या बंगल्याच्या मागेच आमचं क्वार्टर. हा सिनेमा टीव्हीवर लागला की आई टीव्ही बंद करायची. आम्ही चिडवायचो, भुताला घाबरतेस का म्हणून. ती म्हणायची, 'आपण बौद्ध माणसं, भूतबीत आपण मानत नाही. पण ती पोरगी हसत नाहीये रे. तिच्यावर हसणं घातलंय. मी तिचं तोंड पुसलंय.' आम्हाला कधी कळलंच नाही ती काय म्हणते ते."

एका बाईने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि ती इतकी वर्षं आपल्या घरात टीव्ही बंद करत होती. मी विचारलं तेव्हा कळलं की त्या आदल्याच वर्षी गेल्या. राधाबाई त्यांचं नाव.

"बोला मग," प्रज्ञेश म्हणाला. "जे बोललात ते बोला."

"आणि उद्या त्यांनी जाब विचारला तर?"

"सांगीन, हसू ओठांवर बसत नव्हतं. टेक्निकल कारण आहे. खोटं काय त्यात?"

पहिल्याच वेळी बसलं. माझा म्हातारा, खरवडलेला आवाज त्या कोवळ्या तोंडातून आला आणि एकही अक्षर पुढे-मागे झालं नाही. आम्ही हसूही रेकॉर्ड केलं. ते गोपाळरावांना फोनवर पाठवलं, त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवून पसंती कळवली. सिनेमात दुसरं गेलं.

खेळ रविवारी सकाळी होता, कर्वे रस्त्यावरच्या एका छोट्या सभागृहात. अर्धे प्रेक्षक साठीच्या पुढचे, टोप्या-मफलर घालून आलेले, आणि अर्धी कॉलेजची मुलं, चहाबरोबर फुकट वडे मिळतात हे कळल्यामुळे आलेली. पहिल्या रांगेत गोपाळराव आणि त्यांच्या पत्नी वल्लरीबाई. वल्लरीबाई मला लक्ष्मी रस्त्यावर दिसल्या की समोरच्या फुटपाथवर जायच्या. त्या दिवशीही मला बघताच त्यांनी पदर सारखा केला आणि मान वळवली. समीक्षक प्रियदर्शनी त्यांच्या मागे वही उघडून बसली होती. मला सौमित्रने कडेला बसवलं, नंतर स्टेजवर बोलवायला सोयीचं म्हणून.

सिनेमा सुरू झाला आणि दहा मिनिटांत दोन तट पडले. वटवाघूळ आलं की मुलं फिदीफिदी हसायची, आणि म्हातारे मागे वळून "श्श" करायचे. पियानो आपोआप वाजला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "ब्लूटूथ असेल." एका आजोबांनी तिला तिथल्या तिथे झाडलं, "भीती वाटण्यासाठी आधी थोडी अक्कल लागते." माझ्या मागे एक बाई खरोखर घाबरली होती आणि नवऱ्याला चिमटे काढत होती. नवरा घोरत होता. प्रत्येकजण वेगळाच सिनेमा पाहत होता. मला त्यांच्या हसण्याचा राग आला नाही आणि घाबरण्याचं कौतुकही वाटलं नाही. मी शेवटच्या रिळाची वाट बघत होते.

ते आलं. काच, धूर, माझा चेहरा.

"अहो गोपाळराव."

मुलं खो खो हसली. 'अहो' ऐकूनच हसली, भूत नवऱ्याला हाक मारतंय असं वाटून. पण बॅरिस्टरचं नाव सिनेमात गोपाळराव नव्हतं.

"दार उघडा. दम कोंडतोय माझा. पाया पडते, दार उघडा."

हसू थांबलं. पडद्यावर मी काचेवर हात मारत होते, आणि प्रत्येक शब्दाला माझे ओठ उघडत होते, मिटत होते. म्हाताऱ्यांनी हसू येईल म्हणून कान टवकारले होते, त्यांना काही समजेना. मी पडद्याकडे पाहत नव्हते. मी गोपाळरावांचा चेहरा बघत होते. त्यांनी कानातलं यंत्र चाचपलं. मग काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले आणि ते तसेच राहिले. आता हा माणूस उठून जाईल, तोंड लपवील, असं मला वाटलं. मी त्यासाठीच जगत आले होते.

दिवे लागले. स्टेजवर दोन खुर्च्या, त्यांत गोपाळराव आणि मी. सौमित्र घामाघूम झाला होता, पण माईक त्याच्या हातात होता म्हणून तो बोलत राहिला. कुणाला प्रश्न आहेत का?

एक गृहस्थ उठले. "प्रश्न नाही, निवेदन आहे. मी हा सिनेमा शाळेत असताना पाहिला आणि लग्न होईपर्यंत दिवा लावून झोपलो."

"आणि लग्नानंतर?" मागून कुणीतरी विचारलं.

"लग्नानंतर दिवा लावायची परवानगी नव्हती. पण मुद्दा तो नाही. आमचं हसू कुठे गेलं? आम्ही त्याच्यासाठी आलो होतो. जुन्या गोष्टींना हात लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

बऱ्याच टोप्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती ब्लूटूथवाली मुलगी उभी राहिली. "सर, नो ऑफेन्स, बाकी सिनेमा खूप फनी होता. पण लास्ट सीन बघवला नाही मला. ते ॲक्टिंग वाटतच नव्हतं."

आणि मग प्रियदर्शनी उठली. तिने वहीत बघून सांगितलं की हा शेवट मराठी सिनेमात क्रांतिकारक आहे. भूत बॅरिस्टरला हाक मारत नाही, ते आपल्या निर्मात्याला, प्रत्यक्ष दिग्दर्शकाला हाक मारतं. हसणारी सवत ही पुरुषाच्या भीतीने रचलेली बाई, आणि दार उघडा म्हणणारी ही खरी. इतक्या वर्षांनी स्वतःच्याच सिनेमाला असा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करणारा दिग्दर्शक तिने पाहिला नव्हता. "गोपाळराव, तुमच्या धैर्याला सलाम," ती म्हणाली आणि निम्मं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं.

मी बघत होते. गोपाळरावांच्या गालांवर रंग परत आला. त्यांनी हळूहळू हात जोडले. सौमित्रकडून माईक घेतला.

"आपण मर्म ओळखलंत," ते म्हणाले. "खरं सांगू? हाच शेवट माझ्या मनात पहिल्यापासून होता. निर्मात्याला हसू हवं होतं, मी नमतं घेतलं. आज ते ऋण फेडलं."

माझं गाणं गेलं, अब्रू गेली, आणि आता माझी आरोळीही त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतली होती, तीसुद्धा माझ्या शेजारी बसून. लोक टाळ्या वाजवत होते. मी ओरडून काही सांगितलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं, बिचारी, तिला तेव्हापासून असंच होतं. मी माईकसाठी हात पुढे केला. गोपाळरावांनी तो मोठ्या मनाने दिला.

"मला एकच शंका आहे," मी म्हटलं. शाळेत फळ्याकडे मुलीला बोलावताना मी जो स्वर लावायची, तोच लावला. "पहिल्यापासून मनात होता म्हणालात. म्हणजे शूटिंगच्या दिवशी मी हेच शब्द बोलत होते?"

"अर्थात. म्हणून तर ओठ जुळले." त्यांनी प्रेक्षकांकडे पाहून हसून घेतलं.

"तुम्हाला ऐकू येत होतं?"

"मी कॅमेऱ्याच्या शेजारी होतो, उल्का. शब्द न् शब्द ऐकू येत होता."

"कडी बाहेरून होती?"

"दार हलत होतं ना."

"आत निखारे होते, धूर होता, मी दम कोंडतोय म्हणत होते, आणि तुम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता. मग दार का नाही उघडलंत?"

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. गोपाळरावांनी पुन्हा कानातलं यंत्र चाचपलं. आपण कुठे येऊन उभे राहिलो हे त्यांना तेव्हा कळलं असावं. शब्द आपले नव्हेत म्हणायची सोय त्यांनी स्वतःच्या हाताने घालवली होती.

"सीन चालू होता," ते म्हणाले. माईक माझ्या हातात होता, तरी ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

कुणीतरी एकाने टाळी वाजवली. मागच्या बाजूचा एक दाढीवाला मुलगा. "डेडिकेशन," असं तो शेजाऱ्याला म्हणाला, आणि शेजारी त्याच्यापासून एक खुर्ची सोडून बसला. आमचं हसू कुठे गेलं विचारणारे गृहस्थ खाली बसले होते. त्यांच्या बायकोने त्यांच्या मांडीवरची टोपी उचलून त्यांच्या हातात दिली आणि ती एकटीच बाहेर निघाली. प्रियदर्शनीने वही मिटली.

पहिल्या रांगेतून वल्लरीबाई उभ्या राहिल्या. त्यांना माईकची गरज लागली नाही.

"अहो, आणि ती झपाटली होती म्हणून पेपरात दिलंत ते?"

"वल्लरी, घरी बोलू."

"इथेच बोला. मी हिला बघून रस्ता ओलांडायची. माझ्या सुनेला पाचवा होता तेव्हा ही रिक्षातून उतरताना दिसली, म्हणून मी चांगली दृष्ट काढली होती सुनेची. ते पेपरातलं काय होतं?"

"प्रसिद्धीला लागतं तसं काहीतरी," गोपाळराव म्हणाले. "त्या काळी सगळेच करायचे."

वल्लरीबाई मटकन खाली बसल्या. मला त्यांची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं.

गोपाळरावांना आता दम लागला होता. ते काठी टेकून उठले आणि माझ्यासमोर आले. वय झालेला माणूस, डोळ्यांत पाणी. खरं पाणी होतं, मी त्यांच्यावर तेवढा अन्याय करणार नाही. "चुकलं माझं, उल्का," ते म्हणाले. "मला माफ कर."

सभागृहाने एकदम सुटकेचा श्वास सोडला. सौमित्र तर शाल आणि नारळाचं तबक घेऊन धावतच आला. ते गोपाळरावांसाठी आणलं होतं, आता मी ते त्यांना द्यावं, ते वाकतील, मी डोळे पुसीन, फोटो निघेल आणि सगळे वडे खायला मोकळे होतील. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर ते लिहिलेलं होतं, म्हाताऱ्यांच्या आणि मुलांच्याही. एवढ्या एका गोष्टीवर सबंध प्रेक्षकांचं एकमत झालं होतं.

"नाही," मी माईकमध्ये म्हटलं.

"उल्काताई, वय बघा त्यांचं," सौमित्र कुजबुजला.

"बघितलं. माझी आई ह्याच वयाची होऊन गेली. ती माझ्यापुढे हात जोडून, माझ्या पोरीला सोड, अशी भीक मागत होती. माझ्यापुढे. कारण ह्यांनी पेपरात छापलं होतं." मी गोपाळरावांकडे वळले. "तिला सांगा जाऊन की ती मीच होते. तिचा विश्वास बसला तर मग मला विचारा. तोपर्यंत मी माफ करणार नाही. आणि तुम्ही आज जे बोललात ते यापुढे प्रत्येक भाषणात सांगायचं, नाहीतर मी मागच्या रांगेत असेन."

मी माईक तबकात ठेवला आणि खाली उतरले. दारापर्यंत जाताना एका बाईने माझा हात घट्ट धरला आणि सोडला. एक गृहस्थ माझ्या तोंडावर म्हणाले, "फार ताणलंत तुम्ही. मोठं मन दाखवायला हवं होतं." मी त्यांना म्हटलं, "तुमचं दाखवा ना, तुम्हाला कुणी अडवलंय?"

बाहेर ऊन पडलं होतं. प्रज्ञेश स्कूटरला टेकून उभा होता, त्याने मला मंडईपर्यंत सोडलं. सूड घेतल्यावर माणसाला रितं वाटतं, हात मळल्यासारखे वाटतात, असं मी ऐकत आले आहे. मला तसं काहीही वाटलं नाही. मला भूक लागली होती. मी घरी आले, पिठलं टाकलं, पाट मांडला, आणि ताटावर बसल्यावर मोठ्याने म्हटलं, "आई, ऐकलंस का, मीच होते गं." आवाज खरवडलेलाच आला. कुणी काही म्हणालं नाही, आणि मला पुन्हा पहिल्यापासून त्या माणसाचा राग आला.